ठेवायचा, सोडायचा की आणायचा?

"एवढा चांगला खेळाडू, मग त्याला सोडला कशाला?" आयपीएलच्या संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला मोकळं केलं याची यादी जाहीर झाली की हा प्रश्न आपल्याकडे टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. अमेरिकेतले बेसबॉलचे प्रेक्षक तो गेली पन्नास वर्षं दर हिवाळ्यात विचारत आले आहेत. त्याआधी खेळाडू एका संघाशी जवळजवळ जन्मभर बांधलेला असे. १९७५च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादानं दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, बाजूनं निकाल दिला आणि ती बेडी तुटली. तेव्हापासून संघांना बाजारात उतरून माणसं मिळवावी लागतात आणि आपली माणसं बाजारात जाताना पाहावीही लागतात. या बाजारातून हिशेबाची एक पद्धत तयार झाली. आकडेमोडीची धास्ती असलेल्यालाही ती समजू शकते.

या पद्धतीचा गाभा असा, की वरचा प्रश्नच अर्धवट आहे. खेळाडू चांगला आहे की नाही, यानं निर्णय होत नाही. त्याला ठेवायचा, सोडायचा की दुसऱ्याकडून आणायचा, या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: या जागेवर, एवढ्या पैशात, इथून पुढे, याच्याहून सरस कोण मिळेल? त्यातला 'इथून पुढे' हा शब्द सर्वांत जड आहे. प्रेक्षक गेल्या वर्षांसाठी टाळ्या वाजवतो, संघ मात्र येणाऱ्या वर्षांचे पैसे मोजत असतो.

१. बाद न होणारा माणूस

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्स संघानं २००१ साली १६२ पैकी १०२ सामने जिंकले. हंगाम संपला आणि त्यांचे तीन मोठे खेळाडू एकापाठोपाठ गेले. जेसन जिआंबीला न्यूयॉर्क यांकीजनं सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊ केले, जॉनी डेमन बॉस्टनला गेला आणि जेसन इझ्रिंगहॉसेन सेंट लुइसला. ओकलंडचा २००२ सालचा सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार होता साधारण ४ कोटी डॉलर, तर यांकीजचा सव्वाशे दशलक्षांच्या, म्हणजे साडेबारा कोटींच्या घरात. त्यामुळे जिआंबीच्या तोडीचा दुसरा फलंदाज विकत आणण्याचा विचारही शक्य नव्हता. जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डीपॉडेस्टा यांनी वेगळा सवाल केला: गेलेल्या तिघांनी मिळून संघाला नेमकं काय दिलं होतं, आणि ते सुटं सुटं, स्वस्तात कुठे मिळेल?

हे समजायला बेसबॉलची एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये चेंडू मोजून मिळतात. बेसबॉलमध्ये चेंडूंना मर्यादा नाही, मर्यादा आहे ती बाद होण्याला. नऊ डाव, दर डावात तीन बाद, म्हणजे एका सामन्यात एकूण २७. फलंदाज जोवर बाद होत नाही तोवर डाव चालू. आणि बाद न होता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचण्याचा एक मुकाट मार्ग आहे. पिचरनं ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजानं बॅट फिरवण्याचा मोह आवरला, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. गंमत अशी, की शंभर वर्षं वर्तमानपत्रांत छापली जाणारी फलंदाजीची सरासरी वॉक मोजतच नाही. त्या सरासरीच्या लेखी तो चेंडू जणू झालाच नाही.

दोन काल्पनिक फलंदाज घेऊ. दोघांनाही वर्षात ६०० वेळा बॅट हाती घ्यायला मिळाली. पहिल्याला २० वॉक मिळाले आणि उरलेल्या ५८० वेळांत त्यानं १७४ फटके साधले. त्याची सरासरी ०.३००, म्हणजे पेपरात नाव ठळक. दुसऱ्याला ९० वॉक मिळाले आणि ५१० वेळांत १३५ फटके बसले. सरासरी ०.२६५, म्हणजे कोणी वळूनही पाहणार नाही. आता बाद किती वेळा झाले ते मोजा. पहिला ४०६ वेळा, दुसरा ३७५ वेळा. दुसऱ्यानं संघाचे ३१ बाद वाचवले, म्हणजे एका अख्ख्या सामन्यापेक्षा जास्त. फटका वॉकपेक्षा मोलाचा असतोच. आकडेतज्ज्ञ पीट पामरच्या हिशेबात साध्या एका बेसच्या फटक्याची किंमत जवळजवळ अर्धी धाव, वॉकची एक तृतीयांश आणि होमरनची, म्हणजे मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्याची, सुमारे १.४ धावा येते. पण एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे, आणि २००१च्या बाजारात वॉकची किंमत शून्याच्या जवळपास लावली जात होती.

म्हणून ओकलंडनं स्कॉट हॅटबर्गला घेतलं. हा बॉस्टनचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा. कोपरातली नस तुटल्यामुळे त्याला पूर्वीसारखं फेकता येत नव्हतं, आणि फेकू न शकणारा कॅचर कोणाला हवा? ओकलंडनं त्याला साडेनऊ लाख डॉलरला करारबद्ध केलं आणि सांगितलं, तू पहिल्या बेसवर उभा राहा. ती जागा त्यानं व्यावसायिक सामन्यात कधी सांभाळलेली नव्हती. हिवाळ्यात घराजवळच्या टेनिस कोर्टवर बायकोनं टोलवलेले चेंडू अडवत त्यानं तयारी केली. २००२ साली त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण होतं ०.३७४. जिआंबीचं आदल्या वर्षीचं ०.४७७ होतं, तेव्हा हॅटबर्ग म्हणजे जिआंबी नव्हे हे उघड आहे. पण डेमनचं प्रमाण होतं ०.३२४, लीगच्या सरासरीच्याही खाली. तिघं गेले तेव्हा ओकलंडनं तीन पुतळे परत उभारायचा हट्ट धरला नाही. एका जागेवर झालेला तोटा दुसऱ्या दोन जागांवर थोडा थोडा भरून काढला. छत्तिशीतला डेव्हिड जस्टिस आला तो याच हिशेबानं. पळण्याचा वेग गेला होता, पण वाईट चेंडू सोडून देण्याची नजर शाबूत होती. त्या हंगामात ओकलंडनं १०३ सामने जिंकले, यांकीजइतकेच, त्यांच्या एक तृतीयांश पगारात. ४ सप्टेंबरला ११-० अशी आघाडी ११-११ पर्यंत घालवल्यावर हॅटबर्गनं होमरन मारून सलग विसावा विजय मिळवून दिला. या हंगामावर निघालेल्या सिनेमात तो क्षण फार मोठा दिसतो. मला त्यापेक्षा त्याचे हंगामभरातले ६८ वॉक जास्त बोलके वाटतात.

२. दहा धावा, एक विजय

पण धावांचं रूपांतर विजयात कसं करायचं? कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्सनं १९७७पासून बेसबॉलच्या आकड्यांवर वार्षिक पुस्तकं स्वतःच छापायला सुरुवात केली. त्यानं मांडलेलं एक सूत्र शाळकरी गणिताचं आहे. संघानं केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचाही घ्या. पहिल्या संख्येला दोन्हींच्या बेरजेनं भागा, की विजयांचं प्रमाण मिळतं. ८०० धावा केल्या, ७०० दिल्या, तर उत्तर येतं ०.५६६, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. केलेल्या धावा ८१० धरा, की विजय होतात ९३च्या जवळ. दहा धावांचा एक विजय हा कानमंत्र इथून आला. आता प्रत्येक खेळाडूकडे 'हा किती धावा वाढवतो किंवा वाचवतो' अशा नजरेनं पाहता येतं. डेमन की जस्टिस हा वाद आवडीनिवडीचा न राहता बेरीज-वजाबाकीचा होतो. बेरीज चुकू शकते, पण कुठे चुकली ते दाखवता तरी येतं.

३. गेटवरचा बदलीवाला

इथे पुस्तकी वाटणारी पण कळीची संकल्पना येते. एखादा खेळाडू वर्षाला ८० धावांचा धनी असेल, तर त्याची किंमत ८० धावा धरायची का? नाही. गिरणगावात याचं उत्तर कोणालाही ठाऊक होतं. कायम कामगार पाळीवर आला नाही की गिरणीच्या गेटवर ताटकळणाऱ्या बदली कामगाराला आत घेत. कायम विणकर दिवसाला शंभर वार कापड काढत असेल आणि बदलीवाला ऐंशी, तर त्या विणकराच्या गैरहजेरीनं गिरणीचं नुकसान शंभर वारांचं होत नाही, वीस वारांचं होतं. बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली छोट्या लीगच्या संघांची उतरंड असते, आणि तिथे किमान पगारावर लगेच येऊ शकतील असे खेळाडू गेटवर उभेच असतात. २०२४ साली हा किमान पगार ७ लाख ४० हजार डॉलर होता. सगळा संघ अशा बदलीवाल्यांचाच केला तर तो १६२पैकी ४७-४८ सामने जिंकेल, असा अंदाज या क्षेत्रातल्या दोन प्रमुख आकडेवारी संकेतस्थळांनी २०१३ साली एकमतानं धरला. (२०२४चा शिकागो व्हाइट सॉक्स संघ अवघे ४१ जिंकला, म्हणजे गेटवरच्या माणसांनीही कदाचित बरं केलं असतं.) बदलीवाल्यापेक्षा एखादा खेळाडू वर्षात किती जादा विजय मिळवून देतो, त्या संख्येला 'वॉर' म्हणतात. आज बेसबॉलच्या बाजारात तेच चलन आहे.

या चलनाचा पहिला फायदा असा, की 'सरासरी' खेळाडूची बदनामी थांबते. नियमित खेळणारा सरासरी खेळाडू बदलीवाल्यापेक्षा सुमारे दोन विजय जास्त देतो, आणि दोन विजय फुकट मिळत नाहीत. दुसरा फायदा जागेचा. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या, जागी चपळ हात-पाय लागतात, तिथे बऱ्यापैकी फटकेबाज मिळणं दुर्मीळ. पहिल्या बेसवर जड माणूसही चालतो, त्यामुळे तिथे फटकेबाजांची रांग लागलेली असते. म्हणून तीच फलंदाजी शॉर्टस्टॉपनं केली तर जास्त मोलाची. ज्यांनी 'याच्यापेक्षा त्याचे होमरन जास्त' एवढ्यावरच वाद घातले, त्यांना हे कधीच दिसलं नाही.

४. सत्ताविसावं वरीस

बिल जेम्सनं १९८२ साली दाखवून दिलं, की खेळाडू तिशीच्या आसपास बहरात असतो हा समज खोटा आहे. सरासरी फलंदाज सत्ताविशीच्या आसपास शिखरावर असतो आणि तिशी ओलांडल्यावर उतार लागतो. आता मोठे करार कधी होतात ते पाहा. नियमानुसार मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं काढल्याशिवाय खेळाडू मुक्त होत नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी आलेला माणूस तिशीला बाजारात येतो. म्हणजे ज्या वयात तो सर्वांत जास्त देतो तेव्हा त्याला सर्वांत कमी मिळतं, आणि उतार लागल्यावर पैशांची रास पडते.

समजा एक ३२ वर्षांचा खेळाडू यंदा पाच विजयांचा आहे आणि दर वर्षी अर्धा विजय घटणार आहे. पहिल्या पाच वर्षांत तो ५, ४.५, ४, ३.५ आणि ३ असे २० विजय देईल. करार दहा वर्षांचा केला तर पुढच्या पाच वर्षांतून मिळणार फक्त साडेसात. पण पगार सहसा दोन्ही पाच वर्षांना सारखाच असतो, कधी कधी नंतरच्या वर्षांना जास्त. आल्बर्ट पुहोल्सची गोष्ट थेट याच गणिताची आहे. सेंट लुइसकडून अकरा वर्षांत ४४५ होमरन, ०.३२८ची सरासरी, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. डिसेंबर २०११मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनं त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले, तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. एंजल्सकडे त्याची सरासरी ०.२५६ राहिली. सेंट लुइसनं मात्र वाचलेल्या पैशातून कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी २ कोटी ६० लाखांना आणलं. शिवाय पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वाटपात, मिळालेल्या जागेवर मायकल वाका या पिचरला निवडलं. २०१३ साली वाका नॅशनल लीगच्या, म्हणजे मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एकीच्या, अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि संघ वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, पोचला.

एंजल्सनं मे २०२१मध्ये पुहोल्सला मोकळं केलं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, सरासरी ०.१९८ होती, आणि त्या वर्षीचे त्याचे ३ कोटी डॉलर काहीही झालं तरी द्यायचेच होते. पुष्कळांना ही उधळपट्टी वाटली. हिशेबानं पाहिलं तर ते ३ कोटी आधीच गेले होते. प्रश्न एवढाच उरला होता, की उद्याच्या सामन्यात पहिल्या बेसवर जॅरेड वॉल्श जास्त देईल की पुहोल्स. उत्तर कळायला आकडे लागत नव्हते, निर्णय घ्यायला धैर्य लागत होतं. आणि या गोष्टीचं शेपूट आणखी मजेशीर आहे. २०२२ साली सेंट लुइसनं त्याच पुहोल्सला एका वर्षासाठी २५ लाख डॉलरला परत बोलावलं. त्यानं २४ होमरन मारले आणि ७००चा टप्पा ओलांडला. तोच माणूस, पण २४ कोटींना चूक आणि २५ लाखांना सोनं.

५. नशिबाचा वाटा

इथवरचं सगळं वाचून वाटेल, की आकडे हातात आले की निर्णय आपोआप होतो. तसं असतं तर मॅक्स मन्सी ओकलंडनं सोडला नसता. त्याच ओकलंडनं, जिथे हे शास्त्र नावारूपाला आलं. २०१५ आणि २०१६ मिळून ९६ सामन्यांत मन्सीची सरासरी ०.१९५ होती. २०१७च्या वसंतात संघानं त्याला मोकळं केलं, लॉस एंजेलिस डॉजर्सनं छोट्या लीगच्या करारावर घेतलं, आणि २०१८ साली त्यानं ३५ होमरन मारले.

दोष आकड्यांचा नव्हता, आकडे फार थोडे होते. एखाद्याचं खरं कसब ०.२५०चं असेल, तर २०० वेळांत त्याचे ५० फटके बसायला हवेत. पण निव्वळ नशिबानं हा आकडा सहज सहा-सात इकडे-तिकडे होतो, आणि बारा-तेरा कमी होणंही अगदी जगावेगळं नाही. म्हणजे ०.१९५ दिसणारा माणूस ०.२५०चा असू शकतो. वॉकचं प्रमाण किंवा चेंडू किती जोरात बॅटवर बसतो हे मात्र त्यापेक्षा लवकर स्थिरावतं. २०१५पासून सगळ्या मैदानांवर लागलेल्या यंत्रणा चेंडूचा वेग आणि कोन मोजतात, त्या याचसाठी. जोरदार फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला तर धावफलकाला तो अपयश वाटतो. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणाऱ्याला तो फटका चांगलाच असतो. पिचरांच्या बाबतीत हेच आकड्यांचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकननं शतक बदलताना दाखवलं. फटका खेळात पडला की तो झेलला जाईल की जमिनीवर पडेल, यावर पिचरचा ताबा वाटतो त्याहून फार कमी असतो. म्हणून पिचर निवडताना त्याचे स्ट्राइकआउट (फटका बसू न देता केलेले बाद), वॉक आणि होमरन पाहावेत, पराभवांची संख्या बाजूला ठेवावी.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं मार्च २०१४मध्ये जे. डी. मार्टिनेझला सोडलं. आदल्या वर्षी त्याची सरासरी ०.२५० होती, होमरन सात. आकडे चुकीचे नव्हते. पण त्या हिवाळ्यात त्यानं आपली बॅट फिरवण्याची पद्धतच मुळापासून बदलली होती, आणि सरावाच्या महिन्यात ह्यूस्टननं त्याला जेमतेम अठरा वेळा फलंदाजी दिली. म्हणजे संघाकडे ज्या माणसाचे आकडे होते, तो माणूस आता राहिलाच नव्हता. डेट्रॉइटनं त्याला उचललं आणि त्याच वर्षी त्यानं ०.३१५ची सरासरी आणि २३ होमरन दिले. आकडा भूतकाळाचा असतो. तो भविष्याला लागू आहे का, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून सांगावं लागतं. चांगले संघ आज निरीक्षक आणि गणिती यांना एका टेबलाशी बसवतात ते या कारणासाठी.

डेव्हिड ऑर्टिझबद्दल मिनेसोटाला अजून टोमणे ऐकावे लागतात. २००२च्या डिसेंबरात त्यांनी त्याला सोडलं. बॉस्टननं त्याला साडेबारा लाख डॉलरला घेतलं आणि तो तीन विजेतेपदं मिळवून थेट हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण न्याय करायचा तर एवढं पाहायला हवं: मिनेसोटानं त्याच्या बदल्यात कोणी काही देतं का हे आधी चाचपून पाहिलं होतं, आणि कोणीच काही देऊ केलं नाही. एकट्या मिनेसोटाची नाही, सगळ्या बाजाराची चूक होती ती.

६. चाळीस नावांची वही

पैसा आणि कसब यांच्याइतकीच तंगी असते जागेची. संघाच्या मुख्य यादीत ४० नावं बसतात, त्यातली २६ प्रत्यक्ष सामन्यासाठी. नवा खेळाडू यादीत आणायचा तर कोणाचं तरी नाव खोडावं लागतं. नाव खोडल्यावर संघाकडे सात दिवस असतात. तेवढ्यात त्याचा सौदा करायचा, किंवा इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगायची संधी द्यायची. कोणी न घेतल्यास त्याला खाली छोट्या लीगमध्ये धाडता येतं किंवा मोकळं करता येतं. वर्षानुवर्षं खालीच ठेवलेल्या खेळाडूंना यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरच्या 'रूल फाइव्ह' वाटपात दुसरा संघ त्यांना उचलू शकतो. १९५४ साली ब्रुकलिन डॉजर्सनं असंच एक नाव उघडं ठेवलं आणि पिट्सबर्गनं ते चार हजार डॉलरला घेतलं. ते नाव होतं रोबर्टो क्लेमेंटे. पुढे त्याच्या नावावर बरोब्बर तीन हजार फटके लागले. चाळिसावं आणि एक्केचाळिसावं नाव यांतला निवाडा वर्तमानपत्रात दोन ओळींतही येत नाही, पण हिशेबी संघ वर्षभरातला बराच वेळ त्यावरच घालवतात.

मग प्रश्न येतो संघ कुठे उभा आहे याचा. ७० विजयांवरून ७२वर गेल्यानं काही बदलत नाही. ८८वरून ९०वर गेल्यानं बाद फेरीचं दार उघडू शकतं. म्हणून एकच खेळाडू एका संघानं ठेवावा आणि दुसऱ्यानं विकावा, हे दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं. राल्फ कायनरनं सलग सात वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारले किंवा त्या मानात वाटेकरी राहिला, तरी १९५२ साली त्याचा पिट्सबर्ग संघ ११२ सामने हरून तळाला गेला. संघाचा कारभारी ब्रँच रिकीनं पगारवाढ मागणाऱ्या कायनरला सुनावलं म्हणतात, की तळाला तर आपण तुझ्याशिवायही जाऊ शकतो. १९५३मध्ये त्यानं कायनरचा सौदा केला. बोलणं कुजकं होतं, पण हिशेब खरा. २०२२ साली वॉशिंग्टननं तेच सभ्यपणे केलं. २३ वर्षांच्या हुआन सोटोनं ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला, तेव्हा तळाशी असलेल्या संघानं त्याला सॅन डिएगोला दिलं आणि सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड अशी कोवळी माणसं घेतली. पुढे तिघंही ऑल-स्टार झाले. सॅन डिएगोला मात्र त्याच वर्षी जिंकायचं होतं, आणि तो संघ लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेलाही. या सौद्यात फसलं कोणीच नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप ठरलेला: ओकलंड एवढं हुशार होतं, तर विजेतेपद कुठे आहे? २०००पासून २००३पर्यंत सलग चार वर्षं ते बाद फेरीत पहिल्याच मालिकेत हरले, चारही वेळा पाचव्या आणि निर्णायक सामन्यात. पण पाच सामन्यांची मालिका म्हणजे काय ते पाहू. समोरच्याविरुद्ध शंभरपैकी ५५ सामने जिंकेल असा सरस संघसुद्धा पाच सामन्यांची मालिका शंभरपैकी ५९ वेळाच जिंकतो. उरलेल्या ४१ वेळा तो घरी जातो, आणि त्यात कारभाऱ्याचा दोष नसतो. हिशेब तुम्हाला दारापर्यंत पोचवतो, पुढचं बरंचसं नशीब. हे उत्तर चाहत्याचं समाधान करत नाही याची जाणीव आहे, पण त्याचं समाधान व्हावं म्हणून उत्तर बदलता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००२चं ओकलंड हॅटबर्गनं नाही, तर बॅरी झीटो, टिम हडसन, मार्क मल्डर या तीन पिचरांनी आणि मिगेल तेहादानं जिंकवलं. झीटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला, तेहादाला सर्वोत्तम खेळाडूचा. ओकलंडवरचं मायकल लुइसचं २००३चं पुस्तक यांच्यावरून भरभर पुढे जातं, हे खरंच आहे. पण या आक्षेपानं आपलं म्हणणं मोडत नाही, उलट बळकट होतं. हे चौघंही तरुण होते, सहा वर्षांच्या नियमात अडकलेले, आणि म्हणून त्यांच्या कामगिरीच्या मानानं फारच स्वस्त. त्यांना ठेवणं आणि जिआंबीला जाऊ देणं हे एकाच तर्कातून आलं होतं. हॅटबर्ग हे त्या इमारतीतलं एक खिडकीचं तावदान. गोष्ट सांगायला सोयीचं, एवढंच.

तिसरा आक्षेप माणुसकीचा. माणसांचा असा तराजू करावा का? निष्ठा, ड्रेसिंग रूममधलं वातावरण, शहराशी जडलेलं नातं यांना काहीच मोल नाही? मोल आहे, आणि ते हिशेबात धरायला कोणाची ना नाही. तिकिटं विकली जातात, लहान मुलं त्या नावाचे शर्ट घालतात. अडचण अशी, की या गोष्टी मोजता येत नाहीत म्हणून त्या हव्या तेवढ्या फुगवता येतात, आणि मालकाला आवडत्या खेळाडूचा अवास्तव करार समर्थनीय करायचा असला की नेमक्या याच पुढे येतात. मला या फुगवण्याचाच धोका मोठा वाटतो. माणुसकीवर खरा घाव निष्ठा न पाहण्यानं बसला नाही, तो वेगळ्याच बाजूनं बसला.

८. सगळेच हुशार झाल्यावर

ओकलंडची युक्ती चालली कारण इतर संघ ती करत नव्हते. दहा-पंधरा वर्षांत तिसांपैकी प्रत्येक संघाकडे गणिती आले आणि तिशी ओलांडलेल्यांना मोठे करार देऊ नयेत हे सगळ्यांनाच कळलं. २०१७-१८च्या हिवाळ्यात बाजार गोठला. माइक मुस्टाकसनं २०१७ साली ३८ होमरन मारले होते, कॅन्सस सिटीच्या इतिहासातला तो तोवरचा विक्रम. त्यानं एका वर्षाचे १ कोटी ७४ लाख डॉलर नाकारले आणि मार्चमध्ये त्याच संघाशी ६५ लाखांवर करार करायची पाळी त्याच्यावर आली. करार न मिळालेल्या खेळाडूंसाठी त्यांच्या संघटनेला फ्लोरिडात वेगळं सराव शिबिर उघडावं लागलं. तरुणपणी नियमामुळे कमी, आणि तिशीनंतर हिशेबामुळे कमी, मग खेळाडूला त्याच्या कामाचे पैसे मिळायचे कधी?

त्यातच काही संघ नियमाच्या फटी शोधू लागले. क्रिस ब्रायंट २०१५ साली शिकागो कब्जचा सर्वांत चमकदार नवोदित होता, पण त्याला हंगामाचे पहिले काही दिवस छोट्या लीगमध्ये बसवलं गेलं. वर्षाअखेर त्याचे सेवेचे दिवस भरले १७१. पूर्ण वर्ष धरायला १७२ लागतात. एका दिवसानं संघाला त्याचं एक जादा वर्ष मिळालं. त्यानं तक्रार केली, आणि २०२०मध्ये लवादानं संघाच्या बाजूनं निकाल दिला, कारण नियमानं ते चालत होतं.

२ डिसेंबर २०२१ला मालकांनी टाळेबंदी केली आणि ती ९९ दिवस चालली. १० मार्च २०२२च्या करारात किमान पगार ५ लाख ७० हजार ५०० वरून ७ लाख डॉलरवर गेला. तरुण खेळाडूंसाठी वर्षाला ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आला. आणि ब्रायंटची फट अंशतः बुजली: वर्षाच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला, तो केव्हाही वर आला असला तरी, पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पिट्सबर्गनं पॉल स्कीन्स या पिचरला ११ मे २०२४ला वर आणलं, म्हणजे हंगाम सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर. तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं, आणि त्यामुळे तो २०३०ऐवजी २०२९च्या हंगामानंतर मुक्त होईल.